आर्ताची हाक आणि लाल पट्टी

सकाळच्या बदलापूर लोकलमधल्या भजनात टाळ वाजवायचे, ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीचं कॉल सेंटर गाठायचं आणि दिवसभर हेडफोन लावून विमा ग्राहकांची गाऱ्हाणी ऐकायची, हा माझा दिनक्रम. आता तिथे आवाजातला ताण ओळखणारं सॉफ्टवेअर आलंय. ताण दिसला की स्क्रीनवर लाल पट्टी.

तत्त्व खोटं नाही. माणूस घाबरला की घशाचे स्नायू आवळतात, स्वरतंतू ताणतात, त्यांची दर सेकंदाची कंपनं वाढतात. यंत्र ती मोजतं. पण गोंगाटातही माणूस नकळत आवाज चढवतो आणि स्वरही वर जातो. लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे 1911 सालीच दाखवलं. म्हणजे अंबरनाथ सोडल्यावर खडखडाटात आम्ही अभंग चढवला की अख्खा डबा लाल! उल्हासनगरच्या जपानी मार्केटात भाव करणाऱ्यांचं तर विचारूच नका.

अशा घाबरलेल्या माणसाला भक्तीतही जागा आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त येतात, त्यात पहिला आर्त, म्हणजे संकटाने व्याकुळ झालेला. आमच्या भजनाच्या बुवांना मी विचारलं, ‘‘देवाला अंतरीचं कळतंच, मग आर्ताने हाक कशाला मारायची?’’

‘‘आतून कडी काढायला,’’ बुवा म्हणाले. ‘‘देव दार फोडत नाही.’’

मला ते अर्धंच पटलं. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर घ्या. पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात माणसं नुसती उभी असतात. ओठही हलत नाहीत. ती हाक नव्हे? माझ्या मते हाक आवाजात नसते; आपण कोणाकडे तोंड करून उभे आहोत, त्यात असते. उलट फोनवरचा माणूस फक्त पॉलिसीचा हप्ता विचारतोय. त्याची धास्ती त्याने माझ्यापुढे ठेवलेली नाही, ती यंत्राने काढून घेतली.

कायद्यातही असा फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली नार्को आणि लाय डिटेक्टर चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. 2019 साली मात्र आरोपीच्या आवाजाचा नमुना घ्यायचा आदेश देता येईल, असं सांगितलं. आवाज कोणाचा हे तपासणं वेगळं, आणि न विचारता आत काय चाललंय ते उकरणं वेगळं. ही रेघ मला धर्माच्या अंगानेही बरोबर वाटते.

पट्टी लाल झाली की साहेबांच्या सूचनेप्रमाणे ‘आपली काळजी आम्ही समजतो’ असं वाचायचं असतं. मी ते वाचत नाही. ‘‘निवांत आहात ना, की नंतर फोन करू?’’ एवढंच विचारतो. पुष्कळदा पलीकडून ओरडून उत्तर येतं, ‘‘गाडीत आहे हो, आत्ताच विठ्ठलवाडी गेलं!’’