खोक्यातला राजा



मागच्या उन्हाळ्यात घरभेटीच्या वेळी आम्ही एका घरी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. घरातला सहावीतला मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून पुण्याच्या मावसभावाचा जुना गेमबॉय खेळत होता. आजीने तक्रार केली, "फादर, याला सांगा जरा. दिवसभर जनावरांच्या झुंजी लावतो." मुलगा मान वर न करता म्हणाला, "आजी, ती खरी नाहीत. आणि मरत नाहीत, नुसती बेशुद्ध पडतात. फादर, यात पाप आहे का?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला हे शोभले नाही. म्हणून आज थोडा विचार करू या.

त्या खेळाचे नाव पोकेमॉन. २००३ पासून आपल्याकडे त्याचे कार्टून टीव्हीवर दिसू लागले, आणि पुढे चिप्सच्या पाकिटातल्या चकत्या गोळा करण्यासाठी मुले वेडी झाली होती, हे आज तिशीत असलेल्यांना आठवत असेल. मूळ खेळ १९९६ सालचा, जपानमधला. तो रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत. रानातले प्राणी पकडायचे, शिकवून तयार करायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे, असा हा खेळ. हरलेला प्राणी मूर्च्छित होतो, मरत नाही. जखमी प्राणी केंद्रात नेला की क्षणात बरा, तोही फुकट. खेळाच्या दोन आवृत्त्या निघाल्या आणि काही प्राणी एकीत, तर काही दुसरीतच ठेवले. त्यामुळे दुसऱ्या मुलाशी देवाणघेवाण केल्याशिवाय संग्रह पुरा होत नाही. ही युक्ती आम्हाला आवडली.

मग झुंजीचे काय? सतराव्या शतकात देकार्त यांनी प्राण्यांची तुलना यंत्रांशी केली होती. खऱ्या प्राण्यांबाबत ते चुकले, पण पडद्यावरच्या प्राण्याबाबत त्यांचे म्हणणे अगदी बरोबर ठरते. तिथे दुखणारे कोणीच नाही. संत थॉमस अक्वायनस यांची काळजी वेगळी होती. प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा पुढे माणसांशीही तसाच वागेल, ही त्यांची भीती. आता हा मुलगा. गोठ्यातल्या वासराला तो रोज स्वतः पाणी दाखवतो, त्याच्या हातून साधी काठीही उगारली जात नाही. तेव्हा झुंजीपुरते त्याला आम्ही निर्दोष सोडतो. आजीने रागावू नये.

पण आम्हाला खटकले ते दुसरेच. मुलाने हौसेने खेळ दाखवला. सुरुवातीला तीनांतून एक प्राणी मिळतो. याने बल्बसॉर घेतला आणि त्याला घरच्या बैलाचे, राजाचे, नाव दिले. "आता कुठे आहे राजा?" आम्ही विचारले. "खोक्यात. सोबत सहाच ठेवता येतात. त्याच्यापेक्षा भारी मिळाले ना!" खेळात संगणकावरची खोकी असतात, एकेका खोक्यात वीस प्राणी. तिथे त्यांना ना वैरण लागते, ना पाणी. विसरले तरी चालते.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम प्राण्यांना नावे देतो. नाव दिले की नाते आले, आणि नाते आले की देणे आले. कांट तर प्राण्यांप्रती आपले थेट कर्तव्यच नाही असे मानणारे. तरीही इमाने चाकरी केलेल्या कुत्र्याला धन्याने त्याच्या मरणापर्यंत सांभाळावे, असे तेही आपल्या व्याख्यानांत सांगत.

आपल्या भागात हे सांगायला कांट लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जू वाहून घट्टे पडलेला खांदा धुऊन, शेकून, तूप-हळद लावून मळायचा. घट्टा त्याने जात नाही. पण तो कोणाच्या कामापायी पडला, हे घरादारासमोर मान्य केले जाते. शंकरपटात मात्र धाप बैलाला लागते आणि फेटा मालकाला बांधतात. शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. अटी पाळल्या जातात की नाही, ते मैदानात उभे राहणाऱ्यांनीच पाहायचे.

त्या घरचा खरा राजा म्हातारा झाला आहे. मुलाच्या वडिलांनी आम्हाला निरोप देताना हळूच विचारले, "फादर, काय करावं याचं?" २०१५ पासून राज्यात गोऱ्ह्या-बैलांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि कोरड्या वर्षात एका दावणीची वैरणसुद्धा सोपी नसते. सांभाळा, असे म्हणणे आम्हाला सोपे होते, कारण कडबा आम्हाला विकत घ्यायचा नव्हता. पॅरिशमध्ये ज्यांच्याकडे कुटार उरते त्यांनी आमच्याशी बोलावे, एवढेच सध्या सुचते.

गेल्या रविवारी मिस्सानंतर मुलगा भेटला. राजाला त्याने खोक्यातून काढून सहांत घेतले आहे. "सारखा हरतो, फादर," तो म्हणाला.