मृगया आणि मोजपट्टी

हिंसा अटळ असेल तेव्हा ती कशी करावी, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. परंतु हिंसा अटळ नसताना, केवळ हौसेखातर ती करणाऱ्याने स्वतःवर काही बंधने घालून घेतली, तर त्या बंधनांमुळे ती नीतिमान ठरते काय? हा प्रश्न अधिक अवघड आहे. अमेरिकेत धनुष्यबाणाने एल्क या हरणाची विक्रमी शिकार करण्याची जी प्रथा आहे, तिच्या निमित्ताने त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

एल्क हे आपल्या सांबराचे नातलग. पूर्ण वाढलेला नर तीन-साडेतीनशे किलो वजनाचा असतो. त्याची शिंगे दरवर्षी हिवाळा सरताना गळून पडतात आणि उन्हाळ्यात नव्याने उगवतात. सप्टेंबरात तो माजावर येतो, तेव्हा रॉकी पर्वताच्या दऱ्या त्याच्या तुतारीसारख्या हाकांनी भरून जातात. धनुष्याने मारलेल्या अशा जनावरांची नोंद ठेवण्याचे काम १९६१ साली स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब करतो. शिंगे साठ दिवस वाळू द्यावयाची. मग मुख्य दांड्यांची व फाट्यांची लांबी, ठरावीक जागचे घेर आणि दोन शिंगांमधील अंतर इंचाच्या अष्टमांशापर्यंत मोजावयाचे. नेहमीच्या घडणीच्या शिंगांत डाव्या-उजव्या बाजूंचा फरक वजा होतो. एल्कची बेरीज २६० इंच भरली की नोंदवहीत नाव लागते. मोंटाना राज्यात २०१६ साली मारलेल्या एका नराची बेरीज ४३० इंच भरली आणि तो विक्रम ठरला.

शिकाऱ्यांची बाजू दुबळी नाही. बंदूकधारी दोन-तीनशे यार्डांवरून नेम धरू शकतो. धनुर्धराला तीस-चाळीस पावलांपर्यंत जावे लागते, आणि वारा फिरला की सारा खेळ संपतो. बहुतेक जण रिकाम्या हातांनी परततात. कुंपणात कोंडलेले किंवा वाहनातून पाठलाग करून मारलेले जनावर नोंदवहीत घेतले जात नाही. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. शिवाय १९३७ च्या कायद्यान्वये बंदुका-काडतुसांवरील, आणि पुढे धनुष्यबाणांवरीलही, कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांसाठी राखून ठेवला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी एल्कची संख्या लाखाच्या खाली घसरली होती; आज ती सुमारे दहा लाख आहे. राखीव म्हणून गोळा केलेला कर त्याच कामी खर्च होणे ही केवढी दुर्मिळ गोष्ट आहे, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही दोन गोष्टींची गल्लत होते आहे. धनुष्यामुळे शिकार अवघड होते ती शिकाऱ्याला. जनावराला निसटण्याची संधी अधिक मिळते हे खरे. पण निसटले नाही तर त्याचे मरण सोपे होत नाही. बाण मारतो तो रक्तस्रावाने. नेम चार बोटे चुकला तर घायाळ जनावर मैलोगणती पळते आणि कधी कधी सापडतही नाही. ज्या बंधनाने शिकाऱ्याचा गौरव वाढतो, त्याच बंधनाची किंमत काही वेळा हरीण मोजते. स्वतःवर घातलेले बंधन आणि दुसऱ्यावर केलेली दया या एक गोष्टी नव्हेत.

महाभारताच्या आदिपर्वातील पांडू आणि किंदम ऋषी यांची कथा येथे आठवते. मृगरूपाने रममाण झालेल्या ऋषीवर पांडूने बाण सोडले. मृगया हा राजांचा आचारच आहे, असा बचाव त्याने केला. किंदमाने तो नाकारला नाही. मृग मारल्याबद्दल मी दोष देत नाही, पण संग संपेपर्यंत तू थांबावयास हवे होतेस, हे त्याचे म्हणणे. एल्कची धनुष्याने होणारी शिकार मुख्यतः माजाच्याच दिवसांत होते. मादीची किंवा प्रतिस्पर्धी नराची हाक तोंडातल्या शिटीने हुबेहूब काढून नराला जवळ बोलावले जाते. दशरथाने आवाजाने फसून बाण सोडला. येथे आवाजाने फसते ते जनावर.

फसवणूक तर भुकेला माणूसही करतो, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. या क्लबच्या नावातील डॉ. सॅक्स्टन पोप धनुर्विद्या शिकले ते इशी नावाच्या आदिवासीकडून. गोऱ्या वसाहतवाल्यांनी संहार केलेल्या याही जमातीतला तो अखेरचा माणूस १९११ साली कॅलिफोर्नियात एकटा सापडला आणि १९१६ साली क्षयाने वारला. तोही पाडसाचा आवाज काढून हरणाला बोलवी. पण शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात स्नान करून उपाशीपोटी निघे. भुकेला आपण न्याय्य खेळ खेळतो असा दावा करावा लागत नाही. तो दावा हौशी माणूस करतो, म्हणून त्याची कसोटीही कडक हवी. इशीचे धनुष्य नव्या मंडळींनी घेतले. उपासाच्या जागी मात्र मोजपट्टी आली.

खरा प्रश्न या मोजपट्टीचा आहे. हवी आहेत ती शिंगेच असतील, तर ती दरवर्षी आपोआप गळतात. वायोमिंगमधील जॅक्सन येथे, १९१२ साली स्थापन झालेल्या एल्क अभयारण्यातील गळालेली शिंगे बालवीर गोळा करतात आणि त्यांचा जाहीर लिलाव होतो. बून अँड क्रॉकेट क्लब तर आपोआप मेलेल्या जनावराच्या डोक्याचीही नोंद घेतो. म्हणजे शिंगांसाठी मरणाची आवश्यकता नाही. मग भिंतीवर जे टांगले जाते ते शिंग नसून मारल्याची पावती असते. अन्नासाठी घेतलेला जीव समजू शकतो; पण चार इंच अधिक भरले हे एखाद्या जीवाच्या मरणाचे कारण म्हणून पुरेसे वाटत नाही.

हे लिहिताना आपण उंचावर बसलो आहोत, असा भ्रम नको. मध्य भारतातल्या आपल्या अनेक घराण्यांनी दरबारी शिकारींचे हाकारे पाहिले, त्यांची वर्णने अभिमानाने सांगितली. तेथे धनुष्याचे बंधनही नव्हते. मचाणावर बसून हाकून आणलेला वाघ टिपावयाचा. १९७२ च्या कायद्याने ते संपवले. ग्वाल्हेर दरबाराचे शिवपुरीचे शिकारी रान आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे, आणि २०२५ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. आपल्याकडे बंदीने जे साधले ते अमेरिकेने परवाने, कर आणि शिस्त यांनी साधले. त्या शिस्तीचा मान राखूनही म्हणावेसे वाटते की, शेवटच्या क्षणी धनुष्य खाली ठेवून त्या नराची हाक नुसती ऐकणारा माणूस कोणत्याच नोंदवहीत येत नाही. संयमाची खरी परीक्षा त्यानेच दिलेली असते.