डिझेलची घनता आणि गुणाचा आश्रय
घनता, म्हणजे एकक आकारमानात सामावलेले वस्तुमान, हा डिझेलचा स्वतःचा गुण मानावा की केवळ त्याच्या अवस्थेचा, हा प्रश्न वैशेषिक दर्शनाच्या परिभाषेत अधिक टोकदार होतो. या दर्शनाचे सूत्रकार कणाद यांच्या गुणगणनेत नावाने न आलेले गुरुत्व, म्हणजे पतनाला कारण होणारा जडपणा, पुढचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी चोवीस गुणांत घेतले आणि ते इंद्रियांना न दिसता पतनावरून अनुमानानेच कळते, असे मानले. डिझेल तापले तरी हे गुरुत्व तेवढेच राहते. बदलते ते परिमाण, म्हणजे व्यापलेली जागा. १५ अंश सेल्सिअसला हजार लिटर भरलेले डिझेल ४० अंशांना सुमारे १०२० लिटर होते, म्हणून घनता १५ अंशांच्या संदर्भानेच, साधारणतः लिटरमागे ०.८२ ते ०.८४५ किलोग्रॅम अशी, सांगितली जाते. हा संदर्भ अर्थातच मानवी संकेत आहे. निसर्गाने १५ अंशांना कोणताही विशेष मान दिलेला नाही. मात्र वलयाकार रचनेचे ॲरोमॅटिक घटक वाढले, तर त्याच तापमानालाही घनता वाढते आणि साखळीसारखे पॅराफिन वाढले, तर ती घटते. तेव्हा ‘डिझेल’ हे एका द्रव्याचे नव्हे, तर मिश्रणाचे व्यवहारनाम ठरते, आणि गुण द्रव्यात समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहतो हा सिद्धान्त येथे नेमक्या कोणत्या आश्रयाला लावावा, ही अडचण गुरुत्वाच्या चर्चेने सुटत नाही.