पुष्कळांचा अपराध कोणाचा?

गांवच्या विहिरींत एकानें घाण टाकिली, तर पंचांस त्याचें नांव घेतां येतें. परंतु शेंकडों भागीदार व नोकर असलेल्या कंपनीनें समुद्र नासविला, तर दोष कोणाच्या पदरीं घालावा? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

जपान देशीं मिनामाता नांवाचें समुद्रकांठचें शहर आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यांत १९३२ सालापासून एक रसायन करण्यासाठीं पारा वापरीत व सांडपाणी समुद्रांत सोडीत. तें विष माशांत व शिंपल्यांत उतरलें आणि तेथून कोळ्यांच्या घरांत शिरलें. मांजरें झटके येऊन मेलीं. माणसांचे हातपाय थरथरूं लागले, दृष्टि व वाचा खुंटली. आईच्या उदरांतील लेंकरेंही सुटलीं नाहींत.

१९५६ सालीं कंपनीच्याच दवाखान्यांतील डॉक्टर होसोकावा यांनीं ह्या रोगाची वर्दी सरकारी आरोग्य कचेरीस दिली. १९५९ सालीं त्यांनीं एका मांजराच्या अन्नांत कारखान्याचें सांडपाणी मिसळून पाहिलें. त्यास तोच रोग जडला. कंपनीनें ही गोष्ट झांकून ठेविली. उलट त्याच वर्षाच्या अखेरीस रोग्यांस थोडें सांत्वनद्रव्य देऊन तिनें असें लिहून घेतलें कीं, पुढें दोष कारखान्याचा ठरला तरी त्यांनीं अधिक मागूं नये. पाऱ्याचा उपयोग १९६८ पर्यंत चालूच राहिला.

कारकून म्हणेल, मी केवळ हिशेब लिहिला. मजूर म्हणेल, मी हुकूम पाळिला. भागीदार म्हणेल, मी कारखाना पाहिलाही नाहीं. परंतु अपराध हें कांहीं कर्ज नव्हे, कीं शंभरांनीं वांटून घेतलें म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास पैसाच यावा. ज्यास जितकें ठाऊक होतें व थांबविण्याचें जितकें सामर्थ्य होतें, तितका भार त्याच्या शिरावर. १९७३ सालीं कुमामोतो येथील न्यायालयानें कंपनीस दोषी ठरवून तो करार रद्द मानिला. १९७९ सालीं कंपनीचा माजी अध्यक्ष व कारखान्याचा माजी व्यवस्थापक ह्यांस व्यक्तिशः दोषी धरिलें.

होसोकावा यांनीं १९७० सालीं रुग्णशय्येवरून मांजराची हकीकत न्यायालयास सांगितली. आम्ही त्यांस दगड मारीत नाहीं. तथापि मधल्या वर्षांत किती ताटांत ते मासे वाढले गेले असतील!

आज आपल्याही खेड्यांतील तरुण कारखान्यांत चाकरीस जातात. त्यांनीं एवढें स्मरावें: कंपनी मजुरी देते, परंतु त्या मजुरींत मनुष्याचा विवेक विकला जात नाहीं. ओढ्यांत काय सोडिलें जात आहे हें ज्यानें पाहिलें, त्यानें तें वेळेवर बोलावें.