पानाची मागची बाजू

सुप्याच्या माळावर फुलपाखरं पाहायला कधी यावं, असं कुणी विचारलं तर जाणकार सांगतात, पोळा झाल्यावर या. सल्ला चुकीचा नाही. पारनेर तालुक्याचा हा भाग अवर्षणप्रवण. वर्षाचा पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर आणि त्यातला मोठा वाटा भाद्रपदातल्या सरींचा. त्या सरींनंतर माळावर गवत उभं राहतं, टाकळा आणि खुळखुळा फुलतो, फुलपाखरांची झुंबड उडते. देशभर फुलपाखरं नोंदवण्याची ‘बिग बटरफ्लाय मंथ’ ही मोहीमही 2020 पासून सप्टेंबरातच होते. चैत्रात इथे येणाऱ्याच्या वाट्याला उघडा मुरूम, करपलेलं गवत, पठारावरच्या पवनचक्क्या आणि दहा वाजताच डोळ्यांवर येणारं ऊन. तरीही ज्याला फुलपाखरू समजून घ्यायचं आहे त्याने चैत्रातच यावं, असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं. मादीने नेमकं हेच झाड का निवडलं, हा प्रश्न त्या हिरवाईत कुणाला पडतच नाही. चैत्रात हिरवं मोजकं उरतं. ओढ्याकाठचा करंज, नवी पालवी फुटलेला पिंपळ, वस्तीजवळचा बहावा, बांधावरची रुई, मुरमाड उतारावरचा तरवड, उन्हाळी कांद्याच्या वाफ्यात ओलीवर तग धरून असलेली घोळ. पुढची पिढी एवढ्यावरच जगायची असते. अशा वेळी मादी कुठे टेकते आणि कुठून न टेकता पुढे जाते, हे उघड दिसतं. टंचाईत माणसाची निवड जशी लपत नाही, तशी तिचीही लपत नाही.

आणि ही पालवी तरी पावसाआधी, ऐन उन्हात का फुटते? के. एस. मुरली आणि आर. सुकुमार यांनी मुदुमलाईच्या पानगळी जंगलात याचा अभ्यास करून 1993 साली जे मांडलं, ते मला विलक्षण वाटतं. पाऊस पडला की पानं खाणारे कीटक वाढतात. जी झाडं त्याआधीच पालवतात, त्यांची पानं तोवर जून होतात आणि कमी खाल्ली जातात. म्हणजे चैत्रपालवी हा झाडाने अळ्यांना दिलेला चकवा आहे. त्या चकव्यातूनही वाट काढून एखादी मादी कोवळं पान गाठते. वसंताकडे असं पाहिलं की फुलांच्या आणि कोकिळेच्या पलीकडचा एक फार जुना, शांतपणे चाललेला झगडा दिसू लागतो.

मादी ओळखायची कशी? फुलावर बसलेलं फुलपाखरू सगळेच टिपतात. अंडी घालायला निघालेली मादी फुलांकडे बघत नाही. ती खालून, झुडपांच्या उंचीवरून संथ उडते, पानाला टेकते, उठते, पुन्हा टेकते. त्या क्षणभरात ती पानाची चव घेत असते आणि ती चव पायांनी घेते. फुलपाखरांच्या पायांवर रासायनिक संवेदना टिपणारे केस असतात. प्लेन टायगर, म्हणजे मराठीत बिबळ्या कडवा, ज्या कुळातला आहे त्या कुळाचे पुढचे दोन पाय इतके आखूड असतात की ते चालण्याच्या उपयोगाचे नाहीत. मादी ते पानावर भराभर आपटून झाडाची ओळख पटवते. ओळख पटली की पोट वळवून पानाच्या मागे एक अंडं चिकटवते आणि निघून जाते. एका पानावर सहसा एकच. याउलट वाघाटी किंवा नेपतीच्या जाळीवर पायोनियर नावाचं पांढरं फुलपाखरू पुंजक्याने अंडी घालतं. दोघींचे हिशेब वेगळे. एकीला लेकराची उपासमार टाळायची असते, दुसरीने आपली भिस्त संख्येवर ठेवलेली असते.

रुईचं पान उलटलं की ते अंडं दिसतं. आकार खसखशीच्या दाण्याएवढा, रंग दुधी, वर निमुळतं होत गेलेलं आणि अंगावर उभ्या बारीक कडा. तीन-चार दिवसांत त्याचा माथा काळवंडतो. ते आतल्या अळीचं डोकं असतं. बाहेर आल्यावर अळी आधी स्वतःचं कवच खाते, मग पानाकडे वळते. रुईचा चीक माणसाच्या डोळ्यात गेला तर इजा करतो, गुरं या झुडपाला तोंड लावत नाहीत. अळी मात्र शीर कुरतडून चिकाचा जोर कमी करते, तेच पान खाते आणि त्यातलं विष अंगात साठवते. त्या विषामुळे पक्षी बिबळ्या कडव्याला टाळतात. छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराच्या मादीने याच भीतीचा फायदा घेतला आहे. ती हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते, पण तिची अळी वाढते बिनविषारी घोळीवर. पंख बघून दोघींमध्ये गफलत होते, अंडं कुठल्या झाडावर आहे हे बघितलं तर होत नाही.

म्हणून मी म्हणतो, फुलपाखराचा खरा पत्ता त्याच्या अंड्याजवळ सापडतो. पंखांचा फोटो सांगतो की हे इथून गेलं. अंड्याचा फोटो सांगतो की हे इथलं आहे.

ही दृष्टी माणसाला उशिरा आली. सतराव्या शतकापर्यंत युरोपातले विद्वानसुद्धा मानत होते की किडे चिखलातून, कुजक्या मांसातून आपोआप जन्मतात. 1668 मध्ये फ्रान्चेस्को रेदीने मांसाच्या बाबतीत तो समज प्रयोगाने खोटा ठरवला. पण लोकांच्या डोळ्यांना ते पटवलं मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईने. पन्नाशी ओलांडल्यावर, 1699 मध्ये, ती मुलीला घेऊन सुरिनामला गेली आणि 1705 साली तिचा ग्रंथ निघाला. त्यात अळी, कोष आणि फुलपाखरू ज्या झाडावर वाढतात त्याच झाडासकट चितारलेले आहेत. टाचणीने टोचलेल्या सुट्या फुलपाखरांच्या त्या काळात हे मोठं धाडस होतं.

आपल्याकडेही ही परंपरा आहे आणि ती मुंबई इलाख्यातलीच आहे. साताऱ्यात 1851 साली जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन सरकारच्या जकात-मीठ खात्यात नोकरी करत आणि उरलेल्या वेळात किडे-पाखरं पाहत. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. त्यांनी आणि कारवारकडच्या वनखात्यातले टी. आर. बेल यांनी अळ्या घरी वाढवून, कुठली अळी काय खाते याच्या नोंदी सोसायटीच्या नियतकालिकातून दिल्या. आज कृष्णमेघ कुंटे आणि आयझॅक किहीमकर यांची पुस्तकं उघडली की अनेक फुलपाखरांखाली खाद्य वनस्पतींची यादी मिळते. त्या यादीच्या मागे अशी शंभरहून अधिक वर्षांची पानं उलटण्याची मेहनत आहे. भारतात फुलपाखरांच्या 1300हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरींच्या अंड्याविषयी, अळीविषयी आजही फार थोडं लिहिलेलं आहे. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. मोबाइलला लावायचं छोटं भिंग पुरतं. सुप्यात अडचण होते ती वाऱ्याची. जिथे पवनचक्क्या उभ्या आहेत तिथे पान स्थिर राहील कसं? छत्रीचा आडोसा करावा, देठ बोटांत हलकेच धरावा, पहाटेची वारा पडलेली घटका साधावी. पान तोडू नये. आणि फोटोबरोबर झाडाचं नाव, जागा, तारीख लिहावी. हे नसेल तर तो नुसता पांढऱ्या ठिपक्याचा फोटो.

इथवर सगळं गोड आहे. आता डाळिंबाकडे येऊ. नगर जिल्ह्यात डाळिंबाची बाग असलेल्या कुठल्याही घरात ‘सुरसा’ हे नाव काढा, चेहरे उतरतात. फळ पोखरणारी ही अळी, आणि तीही एका फुलपाखराचीच. मादी कळीवर, फुलावर, कोवळ्या फळाच्या पाकळीजवळ एकेक अंडं घालते. अळी फळात शिरते, दाणे खाते, भोकातून बुरशी आत जाते आणि फळ सडतं. कोषात जाण्याआधी ही अळी फळाचा देठ धाग्यांनी फांदीला बांधून ठेवते, फळ गळून पडू नये म्हणून. निसर्गप्रेमी म्हणून यातल्या कौशल्याचं कौतुक करणं मला सोपं आहे. माझं वर्षाचं उत्पन्न त्या फळात नाही. रुईवरचं अंडं जपायचं आणि डाळिंबावरचं मारायचं, हा दुटप्पीपणा आहे का? मला तसं वाटत नाही. मादीने तिचं काम केलं आहे. ती चिंचेवर, पेरूवरही अंडी घालते. तिच्यासमोर एकाच झाडाची सलग बाग आपण उभी केली. तिला दुष्ट ठरवायचं कारण नाही आणि शेतकऱ्याने फळ वाचवण्यातही पाप नाही. प्रश्न कसं वाचवायचं, एवढाच आहे. फळांना पिशव्या घालणं, किडकी फळं वेचून नष्ट करणं हे पाहणाऱ्याचे उपाय आहेत. न पाहता सरसकट केलेली फवारणी बांधावरच्या रुईपर्यंतही पोचते. खरं तर कळीन् कळी निरखून अंडं शोधणारा बागायतदार आणि विरळणी करणाऱ्या बाया, यांच्याइतकी तयार नजर आम्हा फोटो काढणाऱ्यांतही क्वचितच असते.

ऊसवाल्यांना ट्रायकोकार्ड ठाऊक असतं. त्यावर ट्रायकोग्रामा या गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या अर्ध्या मिलिमीटरच्या कीटकाची पिल्लं असतात. तो कीटक किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालतो. असे परजीवी माळावरही असतात. सबंध काळं पडलेलं अंडं दिसलं तर बहुधा त्यातून अळी निघणार नसते. तेही टिपावं. त्याशिवाय माळाचा हिशेब पुरा होत नाही.

सुप्याची औद्योगिक वसाहत वाढते आहे, महामार्ग रुंदावला आहे, लोकांना काम मिळतं आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती माळाला रिकामी जागा समजण्याबद्दल. वृक्षारोपणाच्या उत्साहात आधी तरवड, रुई, नेपती उपटली जाते आणि तिथे गिरिपुष्पाचं रोप लागतं. संख्या भरते, फोटो निघतो आणि बिबळ्या कडव्याचं त्या जागेवरचं घर जातं. जवळच्या राळेगणसिद्धीने आणि नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून दाखवलं आहे की पाणी मुरू दिलं, माळाला उसंत दिली तर बरंच काही आपोआप उगवतं. फुलपाखरू उद्यानासाठी वाटिका सजवण्याआधी गावाने आपल्या बांधावरच्या झुडपांची यादी करावी. शाळेतली मुलं हे काम एका चैत्रात करतील.

येत्या हनुमान जयंतीला मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडाल, तेव्हा प्रत्येक पान आधी उलटून पाहा. मागे दुधी दाणा दिसला तर ते पान झाडावरच राहू द्या आणि शेजारचं घ्या.