हिरवळीवर पसरलेले कापड
(आधार : यशया 1:18)



हॉलंड देशात याकोब फान रॉइस्डाल नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याने तरुण वयात, 1657 साली, रिफॉर्म्ड मंडळीत बाप्तिस्मा घेतला. पुढे सुमारे 1670 साली त्याने आपल्या हार्लेम या जन्मगावाचे तैलचित्र काढले. हेग शहरातील मॉरित्सहाउस संग्रहालयात असलेले हे चित्र जेमतेम दोन फूट रुंद आहे. त्यात राजा नाही, लढाई नाही. वर अफाट आकाश व ढग, दूर गाव व त्याचे उंच मंदिर, आणि जवळ हिरवळीवर पसरलेले तागाच्या कापडाचे लांब पट्टे व कामकरी माणसे, इतकेच. ढगांतून आलेले ऊन त्या कापडाच्या शेतावर पडले आहे.

ते कापड एका दिवसात पांढरे होत नसे. राखेच्या खारात ते उकळीत, आंबट ताकात भिजवीत, गवतावर पसरून पाणी शिंपीत. आणि असे कित्येक महिने चाले. आभाळ आले म्हणून कोणी कापड टाकून देत नसे.

घुग्घुसच्या मातांना हे सांगावयास नको. तेथे दगडी कोळशाच्या खाणी आहेत. सकाळी धुऊन वाळत घातलेल्या सदऱ्यावर काळी धूळ बसते. म्हणून आई तो सदरा फेकून देते काय? नाही, ती तो पुन्हा धुते. श्रमाची धूळ हा विटाळ नव्हे, विटाळ पापाचा.

परंतु मंडळीत आपण काय करतो? एखादा भाऊ दारू सोडतो, दोन महिन्यांनी पुन्हा पडतो, आणि आपण त्याचे नाव टाकतो! देवाने तर यशया संदेष्ट्याच्या द्वारे लाल डागही शुभ्र करण्याचे वचन दिले आहे. ख्रिस्ताच्या रक्ताने क्षमा तत्काळ मिळते, हे खरे. तथापि जीवन शुभ्र होण्यास दिवस लागतात. आणि कापड स्वतःला शुभ्र करीत नाही; ते उन्हात उघडे पडून राहते, इतकेच. जो आपले पाप घडी घालून पेटीत लपवितो, त्याच्यावर ऊन कसे पडावे?

यास्तव, उपदेशक बंधूंनो, जो भाऊ लाजेने उपासनेस येईनासा झाला आहे, त्याच्या घरी या आठवड्यात जा. दटावू नका, त्याच्याजवळ बसा, त्याच्याबरोबर प्रार्थना करा. प्रभूने तुमचे कापड अद्याप टाकून दिलेले नाही, हे स्मरा. आमेन.