वाटेवरचें घरटें

अनुवादाच्या २२ व्या अध्यायांतील ६ व ७ हीं वचनें आज घरीं वाचावीं. वाटेंत पाखराचें घरटें आढळलें आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर तिला पिलांसह धरूं नये, अशी तेथें आज्ञा आहे. आईबापांचा मान राखणारास कल्याणाचें व दीर्घायुष्याचें जें अभिवचन मिळालें, तेंच येथें एवढ्याशा घरट्यापाशीं ठेवलेलें पाहून आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

माण व जत या तालुक्यांत वर्षाला सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरीं पुष्कळ वर्षीं तो ५,००० च्या वर जातो. पूर्वेकडील कोरडा माळ व पश्चिमेकडील कोंकण यांमध्यें सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट रान बेटासारखें उभें आहे. बेटावर असावींत तशीं, इतरत्र कोठेंहि नसणारीं पाखरें त्यांत राहतात. पांढर्‍या पोटाचा निळा माशीमार हा त्यांपैकींच. जर्डन नांवाच्या विद्वानानें १८४० त त्याचें वर्णन केलें. तो चिमणीएवढा, नर गर्द निळा, मादी पिंगट व नारिंगी छातीची. झुडपांच्या सावलींत किडे टिपतो, हळू गातो. खडकाच्या कपारींत किंवा झाडाच्या ढोलींत शेवाळाचें घरटें करून त्यांत बहुधा चार अंडीं घालतो. त्याचा विणीचा काळ फेब्रुवारीपासून लागतो. नेमक्या त्याच दिवसांत, नवें गवत चांगलें यावें म्हणून, आमचे लोक डोंगर पेटवितात आणि आग रानाच्या कडेंत शिरते.

येथें आमची जीभ अडखळते. कोयना व वारणा यांवर धरणें झालीं, १९८५ त कोयना अभयारण्य व २००४ त चांदोली राष्ट्रीय उद्यान झालें. या कामीं कित्येक गांवें उठलीं. आमच्या वाचकांत तीं घरें सोडून आलेलीं कुटुंबें असतील. पाखराला रान राहिलें, आम्हांस भुई कोठें, असें त्यांनीं विचारलें तर काय सांगावें? माणूस पुष्कळ चिमण्यांहून मोलाचा आहे, हें प्रभूच्या मुखीं सांत्वन होतें. ज्याच्याकडे जमीन देणें बाकी आहे त्याच्या तोंडीं तें शोभत नाहीं. आणि घर मोडल्याचें दुःख ज्यानें सोसलें, त्याच्याहून ही आज्ञा कोणास अधिक कळावी? आम्हांस ती दोन्ही घरांच्या बाजूची दिसते. जमिनीचा अर्ज पुन्हा पुन्हा करावा, मंडळीनें त्यावर सह्या कराव्या, आणि काडी मात्र ओढूं नये.

रानाच्या कडेच्या गांवांतील उपदेशकांनीं माघ लागण्यापूर्वींच शब्बाथशाळेंत हा पाठ घ्यावा. गुरें राखणारीं मुलें कपारींत काठी घालतात, त्यांस तर बोलवावेंच; पण डोंगर पेटविणारे त्यांचे वडील आहेत, त्यांसहि त्याच सतरंजीवर बसवावें.